रेटिंग ४.८, ढेकूण फ्री

डिसेंबर लागला की कॉलेजच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच पोल पडतो. गोवा, अलिबाग की लोणावळा? मग कुणीतरी व्हिलाचे फोटो टाकतं, पूल दिसतो, रेटिंग दिसतं, माणशी किती पडतील याचा हिशेब होतो आणि अॅडव्हान्स जातो. या सगळ्या चर्चेत ‘गाद्यांची शिवण तपासली का?’ असं कुणी विचारत नाही. विचारलं तर त्याला ग्रुपमधून काढतील.

ढेकूण ही आपल्याला आजी-आजोबांच्या काळातली गोष्ट वाटते. लोखंडी खाटा अंगणात काढायच्या, फटींमध्ये उकळतं पाणी ओतायचं, गाद्या दिवसभर उन्हात टाकायच्या, हे सगळं आपण गोष्टींमध्ये ऐकलंय. मधल्या काळात ते गायब झाल्यासारखे झाले, त्याचं मोठं कारण डीडीटी. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर घराघरांत डीडीटी मारलं गेलं. हे कीटकांवर चालतं हे शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेलही मिळालं. गंमत म्हणजे, त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. म्हणजे विजयाची मिरवणूक निघायच्या आधीच शत्रू सावरला होता. १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी अमेरिका-युरोपात जोरदार पुनरागमन केलं. स्वस्त विमानप्रवास वाढला होता आणि डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड औषधांनाही ते सरावले होते. ही पायरेथ्रॉइड म्हणजे आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांमधला घटक. म्हणून बाटली संपते, ढेकूण संपत नाहीत.

आपल्याकडे तर ते कधी पूर्ण गेलेच नव्हते. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा. फरक इतकाच, की हॉस्टेलमध्ये ढेकूण निघाले तर आपण वॉर्डनकडे जातो. सुट्टीसाठी घेतलेल्या भाड्याच्या घरात निघाले तर कुणाकडे जायचं?

पॅरिसने काय शिकवलं

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅरिसची काय अवस्था झाली होती आठवतंय? मेट्रोच्या सीटवरचे, थिएटरमधले, ट्रेनमधले व्हिडिओ फिरत होते. लोक मेट्रोत उभ्यानं प्रवास करत होते. मातिल्द पानो या खासदार ढेकणांनी भरलेली छोटी बाटली घेऊन थेट संसदेत उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक, आणि शहर खाजवतंय! ही भीती दक्षिण कोरियापर्यंत गेली. तिथे ‘बिंदे’ म्हणजे ढेकूण, त्याला ‘पॅन्डेमिक’चा शेवट जोडून नवाच शब्द तयार झाला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने हॉटेलं, वसतिगृहं, सार्वजनिक स्नानगृहं यांची तपासणी मोहीम काढली.

पण नंतरची बातमी जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि ती फारशी फिरली नाही. मेट्रो आणि रेल्वेतल्या तक्रारी तपासल्यावर एकही सिद्ध झाली नाही, असं फ्रान्सच्या वाहतूकमंत्र्यांनी तेव्हाच सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या युरोपविषयक मंत्र्यांनी सांगितलं, की ही घबराट सोशल मीडियावर कृत्रिमरीत्या फुगवली गेली आणि त्यात रशियाशी संबंधित अकाउंट्सचा हात होता.

मग ढेकूण खोटे होते का? अजिबात नाही. फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेचा अहवाल जुलै २०२३ मध्ये, म्हणजे व्हिडिओ व्हायरल व्हायच्या आधीच, आला होता. २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या सुमारे ११ टक्के घरांमध्ये ढेकूण झाले होते. दहातलं एक घर! ते मेट्रोत नव्हते, लोकांच्या बेडरूममध्ये होते. पण बेडरूमबद्दल कुणी बोलत नाही, कारण लाज वाटते. मेट्रोबद्दल बोलायला लाज वाटत नाही.

मला या सगळ्यातली खरी बातमी ही लाज वाटते. ढेकूण घाणीमुळे होतात, ही समजूत चुकीची आहे. त्यांना कचरा नको असतो, उष्टं नको असतं. त्यांना लागतं माणसाचं रक्त आणि लपायला एक फट. सात तारांकित हॉटेलात दोन्ही मिळतं. त्यांना उडता येत नाही, उडी मारता येत नाही. ते प्रवास करतात तो आपल्या बॅगेतून. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. एका खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या पिशव्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या. वापरलेल्या कपड्यांवर दुप्पट ढेकूण जमले. आता ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीतलं दृश्य आठवा. बॅग उघडी, घामेजलेले टी-शर्ट बेडच्या कडेला. ढेकणांसाठी ओला-उबरच उभी केलेली असते आपण.

डिपॉझिट आणि फाइव्ह स्टार

आता आपल्या व्हिलाकडे येऊ. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा हा अनुभव. अकरा जणांचा ग्रुप, समुद्राजवळचा व्हिला, दोन रात्री, माणशी साडेचार हजार, वर दहा हजार डिपॉझिट. शनिवारी सकाळी तिघींच्या हातावर ओळीनं लाल गांध्या. केअरटेकर काका म्हणाले, “ताई, डास असतील. इथं झाडी आहे ना.” तिनं मोबाइलचा टॉर्च लावून गादीची कड उलटली तर शिवणीत पेनाच्या टोकानं ठिपके काढावेत तसे काळे डाग, आणि एक लठ्ठ तांबूस ढेकूण. मालकाला फोन केला. तो म्हणाला, “आमच्याकडे कधीच नव्हते, तुम्हीच आणले असतील.” मग म्हणाला, तासाभरात स्प्रे मारून देतो, तुम्ही बीचवर जाऊन या.

ट्रिप संपल्यावर डिपॉझिटमधून दोन हजार कापले. कारण? चादरीवर रक्ताचे डाग! आणि उरलेले आठ हजार कधी मिळणार? “तुम्ही रिव्ह्यू टाका, मग सोडतो.” ग्रुपने पाच स्टार दिले. ‘अमेझिंग स्टे’ असंही लिहिलं. म्हणजे ज्या ४.८ वर विश्वास ठेवून ते गेले होते, त्याला त्यांनीच पुढच्या ग्रुपसाठी हातभार लावला.

रेटिंग खोटं असतं असं मला म्हणायचं नाही. पण ते कसं तयार होतं ते बघा. मोठ्या अॅप्सनी यावर थोडा विचार केलाय. एअरबीएनबीवर पाहुणा आणि मालक दोघांचे रिव्ह्यू एकाच वेळी उघडतात, त्यामुळे एकमेकांचं वाचून सूड उगवता येत नाही. मात्र कॉलेजचे ग्रुप अॅपवरून कितीसं बुक करतात? इन्स्टाग्रामवर रील दिसते, डीएम करतो, एजंट नंबर देतो, आणि यूपीआयने पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जातात. बिल नाही, बुकिंग नंबर नाही, कधी कधी घराचा नीट पत्ताही आदल्या दिवशी मिळतो. पाचशे-हजार रुपये स्वस्त पडतं हे खरं. पण स्वस्त पडतं ते याच गोष्टी वजा करून.

मालकाचं गणितही समजून घ्यायला हवं, नाहीतर विश्लेषण अर्धवट राहील. ढेकणाची मादी फटींमध्ये अंडी घालते, ती जेमतेम एक मिलिमीटरची असतात आणि बहुतेक फवाऱ्यांना दाद देत नाहीत. साधारण आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. म्हणून एका फवारणीनं काम होत नाही. दोन आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा यावं लागतं, कधी तिसऱ्यांदाही. वाफ किंवा उष्णतेचा उपाय जास्त भरवशाचा, कारण पन्नास अंशांच्या आसपास ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, पण तो महाग आहे. हे नीट करायचं तर खोली बंद ठेवायला हवी. डिसेंबरमध्ये दोन वीकेंड खोली बंद ठेवणं म्हणजे वर्षाची मलई सोडणं. अकराला एक ग्रुप बाहेर, एकला दुसरा आत. मधल्या दोन तासांत काका-काकूंनी सहा बेडच्या चादरी बदलायच्या, पूल साफ करायचा, बाटल्या उचलायच्या. गादी उलटून बघायला त्यांना वेळ कधी असतो? त्यामुळे मालक सगळ्यात स्वस्त रस्ता घेतो. ‘जालीम औषध’ मारायचं, खिडक्या लावायच्या, संध्याकाळी पाहुणे परत.

इथे विषय खाजेपुरता राहत नाही.

ढेकणापेक्षा औषध वाईट

ढेकूण चावल्याने खाज येते, झोप जाते, काहींना ॲलर्जी होते, डोक्यातून विचार जात नाही. पण ढेकूण माणसांमध्ये आजार पसरवतात असं सिद्ध झालेलं नाही. माणसं दगावतात ती त्यांना मारायच्या घाईत.

ऑगस्ट २०१८ मध्ये इजिप्तमधल्या हुरघाडा इथं सुट्टीवर गेलेलं एक ब्रिटिश जोडपं हॉटेलात मरण पावलं. आधी वेगळीच कारणं चर्चेत होती. ब्रिटनमधली चौकशी २०२३ मध्ये पूर्ण झाली तेव्हा कळलं, की शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी फवारणी केली होती आणि दोन खोल्यांच्या मध्ये एक दार होतं. फवाऱ्यातल्या डायक्लोरोमिथेन या द्रावकाचं शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार होतं. त्यानं त्यांचा जीव घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्तंबूलला जर्मनीहून आलेलं चौघांचं कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुलं, सगळे गेले. सुरुवातीला रस्त्यावरच्या खाण्यावर संशय घेतला गेला, विक्रेत्यांना ताब्यात घेतलं. नंतर तपास हॉटेलकडे वळला. तिथे खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत ढेकणांसाठी औषध मारलं होतं आणि तज्ज्ञांच्या प्राथमिक अहवालात हॉटेलातल्या रासायनिक विषबाधेकडे बोट दाखवलं गेलं. संशय होता फॉस्फिन वायूवर.

फॉस्फिन हे नाव परकं वाटेल, पण ते ज्यातून निघतं त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात माहीत आहेत. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्याच. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून वायू सुटतो, तो फटींमधून, पाइपच्या बोळातून, एका खोलीतून दुसरीत जातो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या बंदिस्त गोदामासाठी आहेत, झोपायच्या खोलीसाठी नाहीत, आणि आपल्याकडे कीटकनाशक कायद्याखाली त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत. तरीही ढेकणांसाठी त्या घरात वापरल्यामुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या आहेत.

म्हणून “तासाभरात स्प्रे मारून देतो” हे वाक्य ऐकलं की आभार मानू नका. कुठलं औषध, कोण मारणार, किती तास खोली बंद ठेवायची, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या खोलीत झोपू नका. शेजारच्या, वरच्या-खालच्या खोलीतही नको. हॉलमध्ये खिडक्या उघड्या टाकून रात्र काढलेली परवडली. आणि हो, केअरटेकर काकांवर ओरडून काही होत नाही. मास्क न लावता तो पंप पाठीवर घेणारे तेच असतात. त्यांच्या नाकातोंडात जे जातं त्याचा रिव्ह्यू कुणी टाकत नाही.

पुराव्याचं काय?

नुसत्या गांध्या पुरावा ठरत नाहीत. डास, खरूज, ॲलर्जी, काहीही असू शकतं. शिवाय ढेकूण चावल्याच्या खुणा काहींना लगेच दिसतात, काहींना कित्येक दिवसांनी, काहींना कधीच नाही. त्यामुळे एकाच बेडवर झोपलेल्या दोघांपैकी एक सुजतो आणि दुसरा म्हणतो, मला तर काहीच झालं नाही. ढेकूणच सापडायला हवा. सेलोटेप घ्या, तो चिकटवा, कागदावर लावा. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तपकिरी असतो, रक्त प्यायला की फुगतो. गादीच्या शिवणी, बेडच्या डोक्याकडची फळी, भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे बघा. काळे ठिपके, गंजासारखे डाग, टाकलेली पारदर्शक कात, याचे फोटो काढा, व्हिडिओत खोलीही दिसू द्या. चेक-इन केल्या केल्या पाच मिनिटं हे करून टाकावं आणि तोवर बॅगा बाथरूमच्या फरशीवर ठेवाव्यात. तिथे लपायला कापड नसतं.

मालकाशी बोलणं फोनवर झालं तरी नंतर तेच चॅटवर लिहा. अॅपवरून बुकिंग असेल तर अॅपच्या चॅटवरच. एअरबीएनबीच्या नियमात अशी तक्रार लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायची असते. ‘घरी जाऊन निवांत टाकू’ म्हणणाऱ्यांचा दावा इथेच जातो. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपन्यांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो, ४८ तासांत तक्रार पोहोचल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

त्यानंही हललं नाही तर ग्राहक आयोग. हे शब्द ऐकले की आपल्याला काळे कोट आणि तारखा दिसतात. पण २०१९ च्या कायद्यात काही गोष्टी अगदी आपल्यासाठी केल्यासारख्या आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही. व्हिला गोव्यात असला तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तीही ऑनलाइन. मुदत दोन वर्षं. पैसे एकाने भरले आणि त्याच्या संमतीने बाकीचे राहिले तर तेही ‘ग्राहक’ ठरतात.

हे कागदावरच राहतं असं वाटत असेल तर मंगळूरचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये एक जोडपं मंगळूरहून बंगळूरला स्लीपर बसने निघालं होतं. बसमध्ये ढेकूण चावले. तिनं फोटो काढले, तक्रार केली, दाद मिळाली नाही. ती दक्षिण कन्नड जिल्हा ग्राहक आयोगात गेली. २०२४ च्या शेवटी आयोगाने बस कंपनी आणि तिकीट विकणारं अॅप अशा दोघांना मिळून सुमारे १ लाख २९ हजार रुपये द्यायला लावले. त्यात तिकिटाचा परतावा होता ८५० रुपये. ‘आम्ही फक्त तिकीट विकतो’ ही अॅपची भूमिका तिथे चालली नाही. व्हिला अॅप्ससाठी ही गोष्ट छोटी नाही.

खरं सांगायचं तर अकरा जणांचा ग्रुप दोन हजारांसाठी आयोगात जाणार नाही. सेमिस्टर असतं, सबमिशन असतं, घरी सांगायचं नसतं. मालकाला हे पक्कं माहीत आहे, त्याचा धंदा त्यावरच चालतो. म्हणून व्यवस्था दुसऱ्या बाजूने बदलायला हवी. न्यूयॉर्कमध्ये घर भाड्याने देताना गेल्या वर्षभरात तिथे ढेकूण झाले होते का, हे मालकाने भाडेकरूला लेखी सांगावं लागतं. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा बदलून भाड्याच्या घरात अशी कीड नसणं ही मालकाची जबाबदारी केली. आपल्याकडे गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. त्या नोंदणीच्या शेजारी शेवटच्या पेस्ट कंट्रोलची तारीख आणि औषधाचं नाव लिहायला किती जागा लागेल? अॅपवर पूल आहे का, वायफाय आहे का, कुत्रा चालतो का, यासाठी चौकोन आहेत. यासाठी एक चौकोन जास्त.

घरी परतल्यावरचं राहिलं. बॅग बेडवर ठेवू नका, शक्यतो घरात आणायच्या आधीच कपडे मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. साठ अंशांच्या पाण्यात धुणं किंवा ड्रायर हा खात्रीचा उपाय. हॉस्टेलवर मशीन नसेल तर कडकडीत पाण्याची बादली आणि शिवणींवरून गरम इस्त्री. धुता न येणाऱ्या वस्तू डीप फ्रीझरमध्ये उणे अठराला चार दिवस, अर्थात आई फ्रीझरमध्ये बूट ठेवू देणार असेल तर. नुसतं उन्हात टाकण्यावर फार विसंबू नका. वरचा कपडा तापतो, आत घडीत बसलेला ढेकूण मजेत असतो, आणि तो न खातापिता काही महिने काढू शकतो.

आणि या वर्षीचा अॅडव्हान्स अजून गेला नसेल तर पैसे पाठवायच्या आधी एजंटला एवढं टाइप करा: ‘शेवटचं पेस्ट कंट्रोल कधी केलं, कुणी केलं, कोणतं औषध वापरलं?’ यूपीआयच्या नोटमध्ये व्हिलाचं नाव आणि तारखा लिहा. तो ‘डोन्ट वरी’ म्हणेल, वर अंगठा पाठवेल. स्क्रीनशॉट काढून ठेवा.